टाय
आमच्या बीदरच्या गल्लीत एक निवृत्त राजदूत राहतात. अमली पदार्थांवरच्या आंतरराष्ट्रीय करारांत जन्म गेला. त्यावर ग्रंथही लिहिलेत. चहा घेता का विचारलं तरी "तत्त्वतः हरकत न्हाई" म्हणतात.

आईच्या हाडांत कॅन्सर पसरला, मॉर्फिन कुठंच मिळेना, तेव्हा मी त्यांना घरी आणलं. खाटेपाशी उभं राहून ते म्हणाले, "अक्का, दुखण्यावर हे औषध मिळालंच पायजे, असं ठरावात लिहिलंय. त्या वाक्यासाठी मी साऱ्या देशांशी भांडलो."

"मग ते वाक्य कशासंगं गिळू, अप्पा? पाण्यासंगं का दुधासंगं?"

"त्यावर एकमत झालं न्हाई."

आई हसली. हसताना कळ आली आणि तिनं त्यांचा टाय मुठीत धरला. ती झोपेपर्यंत ते वाकून उभे राहिले. खरं सांगतो, मी तो सोडवला नाही. त्याआधी आठवडाभर त्या मुठीत माझं मनगट होतं.