कोठीच्या भिंतीवरचे ठिपके

माझं शिक्षण मराठी चौथी. चौथीची परीक्षा दिली एवढं नक्की. पास झाले की नाही ते बघायला कोणी गेलं नाही, कारण त्याच महिन्यात माझं लग्न ठरलं. नवरा चार वर्षांत वारला. सासरी नको होते, माहेरी जागा नव्हती. अशी कुठे कुठे राबत मी सव्विसाव्या वर्षी चिंचवडला ट्रेनिंग कॉलेजच्या वसतिगृहात सहा शिकलेल्या मुलींवर देखरेख करायला लागले.

कॉलेज बायकांचं. इथून शिकून बाहेर पडल्या की त्या शाळेत मास्तरीण व्हायच्या. पन्नास सालानंतरची गोष्ट. पिंपरीकडे कारखान्यांच्या भिंती उठायला लागल्या होत्या. आमच्याकडे अजून चिंचेची झाडं, विहिरीचा रहाट आणि गोवऱ्यांचा धूर. वसतिगृहात चाळीस मुली. त्यांतल्या सहा गरीब घरच्या, अठरा-वीस वर्षांच्या. त्यांना राहणं-जेवणं फुकट. बदल्यात रोज तीन तास स्वयंपाकघरात राबायचं. त्यांना कामकरी मुली म्हणत. कोणी पाणी भरायचं, कोणी भाकरी थापायची, कोणी भांडी घासायची, हे वाटून देणं माझं काम.

मला घेतलं ते एका भाकरीवर. कॉलेजच्या मुख्य बाईंना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. त्यांनी माझी भाकरी फुगलेली पाहिली आणि म्हणाल्या, "मुलींना पुस्तकातलं कळतं, तुम्हाला पिठातलं कळतं. चालेल." मी मात्र लगेच अशी वागायला लागले जशी काही मलाच कॉलेज आंदण दिलंय. कमरेला किल्ल्या, कानावर पेन्सिल. पेन्सिलीने मी काहीही लिहीत नव्हते. मुलींनी मला मावशी म्हटलेलं चालायचं नाही, बाईच म्हणायचं. तोंडावर म्हणायच्या. पाठीमागे काय म्हणायच्या ते मी कधी विचारलं नाही.

ताप बघायचा थर्मामीटरसुद्धा माझ्याच ताब्यात होता. मुलीच्या काखेत तो लावायचा, मग खिडकीशी नेऊन उजेडात धरायचा, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "थोडा आहे." खरं सांगायचं तर मला त्यात पारा कधी दिसलाच नाही. दोन वर्षं आमच्या वसतिगृहात कोणालाही "थोडा आहे"च्या वर ताप आला नाही.

आता मुख्य गोष्ट. त्या काळी कावळा शिवला की बाईने चार दिवस बाजूला बसायचं. चुलीजवळ जायचं नाही, पाण्याला हात लावायचा नाही. वसतिगृहात त्यासाठी मागे एक खोली होती. शिक्षा कसली, तिथे चांगली खिडकी होती, शांतता होती, आणि ताट आयतं दाराशी यायचं. कामकरी मुलींना हे लवकर कळलं. परीक्षा जवळ आली की कावळा सगळ्यांना एकदम शिवायचा. एकदा सहातल्या पाचजणी मागच्या खोलीत पुस्तकं उघडून बसल्या आणि मी एका मुलीला हाताशी घेऊन चाळीस जणींच्या भाकरी थापल्या. हाताला फोड आले.

संध्याकाळी मी सगळ्यांना उभं केलं. "मला चौथी शिकलेली समजून फसवता काय? पुढच्या वर्षी फुकटच्या जागा कमी होणार आहेत. बसून खाणारीचं नाव आधी कापणार!"

जागा कमी होणार वगैरे काहीही नव्हतं. तोंडाला आलं ते बोलले. कोकणातली एक फटकळ मुलगी होती, ती म्हणाली, "कापा हो बाई, पण कावळ्याला पण सांगा, विचारून शिवत जा म्हणून." सगळ्या हसल्या. कुरुळीची मुलगी तेवढी हसली नाही. हाताशी उरलेली सहावी ती हीच. कामाला सगळ्यांत चांगली, बोलायला सगळ्यांत कमी. तिच्या गावातून शिकायला बाहेर पडलेली ती पहिलीच मुलगी होती. जागा गेली असती तर परत जाऊन कांदे निवडायचे आणि बापाने ठरवलेल्या घरी जायचं.

दुसऱ्या दिवशी मी माझी अक्कल चालवली. कोठीच्या आतल्या भिंतीवर गेरूने सहा ओळी काढल्या. नावं लिहिणं किचकट, म्हणून खुणा केल्या: कोकणातलीचा मासा, कुरुळीचीचा कांदा, असं. जी बाजूला बसेल तिच्या ओळीत दिवसाला एक ठिपका. महिन्यात दोनदा बसली की पकडली! मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की धान्य काढायला म्हणून मी दिवसातून पाच वेळा कोठीत जाऊन भिंत बघायची.

लबाड मुलगी त्यात एकही सापडली नाही. सापडलं ते भलतंच. दोन महिने झाले, पाच ओळींत ठिपके, आणि कांद्याची ओळ कोरी.

दोन महिने! अशा वेळी आमच्या गावात बाईच्या मनात एकच विचार यायचा, तोच माझ्या मनात आला. विचारायचं धाडस नव्हतं, मग पाळत ठेवली. तिच्यापुढे हिरवी चिंच टाकली. तिने खाल्ली, वर मीठ मागितलं. झालं, खात्री पटली. चिंचवडला थंडीत अख्ख्या वसतिगृहाचे दात चिंचेने आंबलेले असायचे, पण तेव्हा ते आठवलं नाही. जेवताना तिने चौथी भाकरी घेतली. आणखी खात्री. पहाटेपासून पाणी ओढणारी मुलगी चार भाकरी खाते यात काय नवल, हेही सुचलं नाही.

मोठ्या बाईंना सांगितलं तर मुलगी बदनाम होईल. तेव्हा गुपचूप बापाच्या ताब्यात द्यावी, असं मी ठरवलं. मला वाटत होतं मी तिच्यावर उपकार करतेय. चिखलीहून दूध घालायला एक म्हातारा यायचा, त्याचा कुरुळीत पाहुणा होता. त्याला म्हटलं, "निरोप द्या. म्हणावं, मुलीला ताबडतोब घेऊन जा. कशासाठी ते विचारू नका."

तिसऱ्या दिवशी सकाळी तो सांगत आला, "निरोप पोचला, बाई. आज गाडी जुंपून येतोय बाप."

मग मी तिला कोठीत बोलावलं आणि बाप न्यायला येतोय असं सांगितलं. ती परातीतल्या पिठाचे हात घेऊन तशीच आली होती.

"आबा? कशापायी?"

"भिंतीला विचार."

तिने भिंतीकडे बघितलं. "ह्यो कांदा म्हंजी मी व्हय? माझ्या वळीत तर काईच न्हाई."

"तेच म्हणतेय मी. दोन महिने काहीच नाही."

तिला समजायला वेळ लागला. समजलं तशी आधी हसली आणि मग ज्वारीच्या पोत्यावर मटकन बसली.

"अवो बाई, आलं व्हतं की! दोनी बी महिने. मी बसलेच न्हाई बाजूला."

"म्हणजे?"

"तुमीच म्हनला न्हवं, बसून खानारीचं नाव कापनार. मग कशाला सांगू? केलं काम गुमान."

"त्या दिवसांत? चुलीपाशी?"

"व्हय. तुमी तर बाजरीच्या तीन खाल्ल्या. म्हनला, आज गोड झाल्यात."

इथे मी थोर मनाने तिला जवळ घेतलं असं लिहिता आलं असतं. मी घेतलं नाही. मी आधी माझ्या पोटावर हात ठेवला. पोट बरं होतं. मग देवाचा नैवेद्य आठवला, तोही तिच्याच हातचा. म्हटलं, देवाचंही दोन महिने काही दुखल्याचं ऐकू आलं नाही. आणि मग सगळ्यांत शेवटी माझ्या डोक्यात शिरलं की गाडी निघालेली आहे.

ती हलक्या आवाजात म्हणाली, "बाई, आबाला काय सांगनार? तुमी जे समजला ते त्याच्या कानी पडलं, तर तो मला विहिरीत ढकलंल. आन खरं सांगितलं तर हितनं काढत्याल."

दोन्ही बरोबर होतं. मोठ्या बाई चांगल्या होत्या, पण त्यांच्यावर कमिटी होती आणि पैसे भरणाऱ्या मुलींचे आईबाप होते. चाळीस मुलींना कोणत्या हातच्या भाकरी खायला घातल्या हे कळलं असतं, तर तिला दुपारचं जेवणही मिळालं नसतं.

"तू भाकरी थाप जा," मी म्हटलं. "बघते मी." काय बघणार होते, देव जाणे. चौथीच्या पुस्तकात असल्या प्रसंगाचा धडा नव्हता.

गाडी दुपारच्या आत आली. बैलांच्या तोंडाला फेस. आत गवत पसरून वर वाकळ घातलेली, म्हणजे मुलीला निजवून न्यायची तयारी. कारण न सांगता ताबडतोब बोलावल्यावर दुसरं काय समजणार तो? बाप उतरला तो पागोट्यात बांधलेला अंगारा सोडतच. आवाज ऐकून मोठ्या बाई बाहेर आल्या.

"मास्तरीनबाई, पोरगी हाय ना?" त्याने मला विचारलं. जिवंत आहे ना, असं त्याला विचारायचं होतं. तेवढ्यात ती परात घेऊन पडवीत आली. चांगली धडधाकट, नाकाला पीठ लागलेलं. बाप तिच्याकडे बघतच राहिला.

"मग बोलावलं कशापायी?"

"हो, कशासाठी बोलावलं?" मोठ्या बाईंनीही विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मुलगी परात घट्ट धरून उभी. माझा हात कमरेच्या किल्ल्यांकडे गेला, आणि किल्ल्यांबरोबर थर्मामीटरची डबी हाताला लागली.

"तिला परवा कणकण होती," मी म्हटलं. "हे लावून बघितलं. मला फार ताप दिसला. घाबरले, निरोप धाडला."

"किती दिसला?" मोठ्या बाईंनी विचारलं.

आता किती असतो हेच मला माहीत नव्हतं. "दोनशे," मी म्हटलं.

मग कोकणातली मागून म्हणाली, "दोनशे? मग तिच्यावरच भाकरी भाजायच्या होत्या!"

मोठ्या बाईंनी डबी घेतली, थर्मामीटर मुलीच्या काखेत लावला आणि मग माझ्या हातात दिला. "वाचा बरं, आता किती आहे?"

मी पडवीच्या कडेला उजेडात गेले, एक डोळा मिटला. सवयच ती. मग दोन्ही उघडले आणि म्हटलं, "मला वाचता येत नाही. कधीच येत नव्हतं."

"म्हणजे दोन वर्षं तुम्ही—"

"थोडा आहे, थोडा आहे, म्हणत होते."

हसण्याचा जो आवाज उठला तो रहाटापर्यंत गेला असेल. बाप हसला नाही. "बाई, तुमच्यापायी बैल मारून आनलं मी," एवढं बोलला आणि गवताखाली हात घालून कांद्याचं पोतं काढलं. वसतिगृहासाठी आणलं होतं. आणलंय तर ठेवतो म्हणाला. अंगारा पोरीच्या कपाळाला लावला, आणि थोडा माझ्याही.

थर्मामीटर माझ्याकडून काढून घेतला. नोकरी राहिली, कारण मोठ्या बाईंना दुसरी भाकरीवाली मिळाली नसती. मुली पुढे वर्षभर मला बघून एक डोळा मिटायच्या. त्याच दिवशी मी कोठीची भिंत चुन्याने रंगवली. गेरू दोनदा वर आला, तिसऱ्या हाताला गेला.

पुढच्या महिन्यात एका सकाळी ती कोठीच्या दाराशी येऊन उभी राहिली. हात पिठाचे. पांढऱ्या भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"बाई, आज... काय करू?"

"पीठ मळलंस ना?"

"व्हय."

"मग तव्यावर टाक. भूक लागलीय मला."