धुतलेले बूट आणि उद्याची शर्यत

मंडळी, भंडाऱ्याहून रायपूरला दहा किलोमीटर धावायला आलो आहे. वय अडुसष्ट. शर्यत उद्या पहाटे सहाला, आणि माझे बूट ओले आहेत.

दुपारी तेलीबांधा तलाव पाहायला गेलो. काठावरच्या झाडांना पाणी सोडलं होतं, बूट चिखलाने भरले. ताईच्या घरी परत आलो, बूट दारात काढले आणि जरा पडलो. उठून पाहतो तर ताईची सून बूट धुऊन दोरीला लटकवत होती.

"मामाजी, कितने गंदे थे. एकदम चमका दिए."

वेळ मोजायची चिप नाडीलाच बांधलेली होती. तीही बादलीतून निघाली.

"हव, छान केलं बेटा," मी म्हणालो. पाहुण्याने दुसरं काय म्हणावं?

ताई म्हणते, "काहून तोंड पाडून राहिला? चप्पल घालून धाव."

थंडीत काही सुकत नाही. बूट घेऊन पंख्याखाली बसलो आहे. सुनेला सांगितलं, मला उकडतंय.

ती पहाटे चारला उठून माझ्यासाठी पोहे करणार आहे. ओल्या बुटांनी पायाला फोड येणारच. शर्यतीहून परतल्यावर तिच्यासमोर न लंगडता कसं चालायचं, कोणी सांगेल का?