ट्रॉलीची उचल

आर्णीला माझं लहानसं दुकान आहे. संगणकावर काढलेली नक्षी लाकडात कोरणारं सीएनसी मशीन त्यात आहे. मशीन म्हणजे केवढं, तर दोन फूट बाय दोन फूट. दारावरच्या पाट्या, देवघराच्या जाळ्या, लग्नातले पाट, यावर आमचं चालतं. मशीन मी सांभाळतो, डिझाइन बायको करते, आणि भांडण दोघं मिळून करतो.

आमच्या शेताच्या धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, सागाचं झाड वादळात पडलं. वनखात्याचे कागद होऊन लाकूड आरागिरणीतून चिरून आलं, तेव्हा त्यात एक फळी अशी निघाली की बघत राहावं. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, गाठ नावाला नाही. याडी, म्हणजे माझी आई, तांड्यावरच्या घरकुलात राहते. तिच्या घराला पत्र्याचं दार. तिनं फळीवर हात फिरवला आणि म्हणाली, "माह्या घराले याचं दार कर. जोड नको मारू. अन् माह्या फेटियावरचं भरतकाम काढ त्याच्यावर. दिसते तवर पाहून घेईन."

फेटिया म्हणजे आमच्या बंजारा बायांचा घागरा. तिचा तिनं लग्नाआधी स्वतः भरला होता, तो अजून पेटीत आहे.

"दिसते तवर" हे ती सहज बोलली. पण काचबिंदूनं तिचा एक डोळा आधीच गेला होता. दुसऱ्याबद्दल डॉक्टर म्हणाले होते, आहे ती नजर जपा, गेलेली परत येणार नाही. किती दिवस, विचारलं तर म्हणाले, सांगता येत नाही. ते "सांगता येत नाही" मला झोपू देईना.

फेटिया टेबलावर पसरून बायको एकेक टाका संगणकावर उतरवत बसली. नक्षी झाली, पण सहा फुटांची फळी दोन फुटांच्या मशीनवर कोरायची कशी?

"मशीन हाये तेवढंच राहू द्या," बायको म्हणाली. "नवीन सॉफ्टवेअर घेऊ. त्याच्यात लांब डिझाइनचे भाग पाडता येते. फळी सरकवत सरकवत कोरायची. कुठं थांबलो होतो ते दिसत बी नाही."

"अन् ते शिकाले किती दिवस?"

"लागन महिना, दीड महिना."

"महिना कोनापाशी हाये?" मी तिच्यावर खेकसलो. सॉफ्टवेअर घेणं आणि मशीन लांब करून घेणं, दोन्ही एकदम करायची आमची ऐपत नव्हती. मशीनच लांब करायचं, मी ठरवून टाकलं. तिनं संगणक बंद केला, आणि ती वाद असा सोडून देते तेव्हा तिचं बरोबर असतं हे मला लग्नापासून ठाऊक आहे.

लांब लोखंडी काम आमच्याकडे एकच माणूस करतो, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारा. त्याची वेल्डिंग तुटली असं कुणी ऐकलेलं नाही. त्यानं मशीनचा जुना सांगाडा गॅसनं कापला आणि फळी ठेवायला सहा फुटांचा नवा पलंग बनवून दिला. मी त्यावर पाणसळ आडवी ठेवून पाहिली, बुडबुडा मधोमध. लांबीत ठेवायचं सुचलं नाही. फळी ठेवली तर जराशी डुगडुगली. मी चारही कोपऱ्यांचे शिकंजे करकचून आवळले आणि मशीन सुरू केलं.

सुरुवात मधल्या फुलापासून होती. कोरणारं अवजार खोल जातंय असं दिसलं, पण मला वाटलं नक्षीला उठाव येतोय. बायको ओरडली, "थांबवा, टाके एकात एक जाऊन राह्यले!" थांबवेपर्यंत फुलाचा खड्डा झाला होता. ढलप्या उडाल्या होत्या. मग मी अवजार फळीच्या टोकाकडे नेऊन पाहिलं. तिथं ते लाकडाला टेकतही नव्हतं.

ट्रॉलीवाल्याला बोलावलं. त्यानं पलंगावर हात फिरवला आणि समाधानानं म्हणाला, "बरोबर तं हाये, भाऊ. मधात उचल देली हाये. कापूस भरला का आपोआप सपाट बसते."

मी कपाळाला हात लावला. जन्मभर त्यानं ट्रॉल्या बनवल्या. ओझ्यानं पोटात वाकू नये म्हणून ट्रॉलीला मधोमध थोडी उचल द्यायची, हे त्याच्या हातात बसलेलं. माझ्या मशीनवर कापूस कोण भरणार होतं? मी त्याला नाही नाही ते बोललो. तो उभा राहून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "तुमी सांगतलं नाही ना, भाऊ."

कापसाचा हंगाम तोंडावर आलेला. त्याच्या दारात ट्रॉल्यांची रांग लागलेली, पलंग उकलायला त्याला सवड कुठली? शेवटी मी मोटारसायकल विकली आणि बायकोनं सांगितलेलं सॉफ्टवेअर घेतलं. त्या सहा फुटी पलंगाच्या एका टोकाला पट्ट्या घालून दोन फूट जागा सपाट केली. फळीला रंदा मारून मारून खड्डे काढले. बायको शिकत होती, चुकत होती, टाकाऊ लाकडावर करून पाहत होती. जे दिवस वाचवायला मी तिचं ऐकलं नाही, ते सगळे दिवस आता तिथंच बसून मोजावे लागले.

मधल्या काळात तांड्यावर गेलो की मी याडीच्या नजरेकडेच बघत राहायचो. एकदा याडीनं चहा कपाबाहेर ओतला. एकदा म्हणाली, "आजकाल दिवस लवकर बुडून राह्यला." तेव्हा भर दुपार होती. घरी येऊन मी थेट मशीनजवळ जाऊन बसलो.

दार झालं. खरंच देखणं झालं. फेटियावरचा टाका न टाका उतरला होता, आणि फळी कुठं सरकवली ते मलाही सापडत नव्हतं. आम्ही ते भाड्याच्या गाडीतून तांड्यावर नेलं आणि याडीच्या खाटेसमोर भिंतीला टेकवून उभं केलं. सकाळचं ऊन थेट त्यावर पडलं होतं. मी मुद्दाम बोललो नाही. तिनं आपणहून पाहावं, एवढंच मनात होतं.

याडीनं तोंड आमच्याकडे केलं आणि हसली.

"आज दोघंबी आले? चांगलं झालं," ती म्हणाली. "दार कवा आनतं, बेटा?"

बायको पदर तोंडाला लावून घरात गेली. मग मी याडीला उठवलं, तिचा हात धरून मधल्या फुलावर ठेवला. तिची बोटं तिथं थांबली, मग हळूहळू टाक्यांवरून खाली गेली, परत वर आली.

"आनलंच हाये ना," ती म्हणाली. "मंग सांगतलं काहून नाही?"