अवसेची लढाई

रामचंद्र मास्तर माणगावकडचे, भातशेतीवाल्या घरातले. चौलच्या शाळेत बदली होईपर्यंत त्यांनी समुद्र पाहिला होता तो फक्त ऐतिहासिक कादंबऱ्यांत. तरी १९३१ साली, नुसतं वाचून भूक भागेना म्हणून, ते स्वतःच कादंबरी लिहायला बसले, आणि तीही थेट आरमाराची! लढाई मनातली, सरदार मनातला, आणि गलबतं चांगली पन्नास. हात आखडता घेणं मास्तरांच्या स्वभावातच नव्हतं.

येत्या रविवारी गावच्या वाचनालयात वाचन ठरलं. समोर कोळीवाड्यातले तांडेल बसणार होते. दर्यावर जन्म काढलेल्या त्या माणसांना कथा पटली तर आपण लेखक, नाहीतर वही चुलीत, असं मास्तरांनी ठरवूनच टाकलं.

सखुबाई कोळीण बोंबील घेऊन आली, तेव्हा आधी तिलाच प्रकरण ऐकवलं. अवसेचा दिवस, सूर्य नुकताच बुडालेला, पन्नास गलबतं रेवदंड्याच्या खाडीत सुसाट शिरतात आणि फिरंग्यांची दाणादाण!

सखुबाई टोपली उचलता उचलता हसली. "मास्तर, आवसेला दिवस बुडताना खाडीत पानी हाय कुठं? तवा पुरी ओहोटी. तुमची गलबतं चिखलात बसतील."

"इतिहासात तसंच आहे," मास्तरांनी ठोकून दिलं.

"इतिहासात आसंल. खाडीत न्हाय."

मास्तरांचा पारा चढला. मासळी विकणाऱ्या बाईने आपल्याला शिकवावं? अवस दोन दिवसांवर होती. अवसेच्या संध्याकाळी धोतर खोचून ते खाडीवर गेले. पाणी पार लांब गेलेलं. तरी खात्री करायला चार पावलं पुढे टाकली आणि मांडीपर्यंत रुतले. सखुबाईच्या नवऱ्याने, धर्मा कोळ्याने, फळी टाकून त्यांना ओढून काढलं.

"लढाय जितली का, मास्तर?" त्याने विचारलं.

घरी येऊन मास्तर आधी चिडले, मग एकटेच हसत सुटले. चिखल धुतला आणि जुनं प्रकरण टराटरा फाडलं. आता पन्नास गलबतं गाळात रुतली. खुद्द सरदार कमरेपर्यंत फसला. फिरंगी किल्ल्याच्या तटावरून पोट धरधरून हसले आणि खुशाल झोपले. मग मध्यरात्री अवसेचं उधाण चढलं, आणि एकेक गलबत हळूच तरंगू लागलं.

रविवारी सरदार फसला तेव्हा तांडेल खो खो हसले. उधाण चढलं तेव्हा मात्र सगळे पुढे सरकून बसले. वाचन संपलं. मास्तरांनी वही मिटली आणि एकेका चेहऱ्याकडे पाहिलं.

तेवढ्यात म्हातारा भागोजी तांडेल उठला. त्याचे डोळे भरून आले होते. "समदं खरं हाय," तो म्हणाला. "त्या लढाईत माजा पनजा व्हता. सरदाराला चिखलातून त्यानंच वढला."

बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

ही लढाई कधी झालीच नाही, हे सांगायला मास्तरांनी तोंड उघडलं. पण डोलणाऱ्या माना पाहून आनंदाने ते तसंच मिटलं. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि वही उघडली.

"पणजोबांचं नाव काय म्हणालात, भागोजीबाबा?"