आवंढा

नव्वदीच्या काळात सुरतेत, पांडेसऱ्याला, आम्हा लूमवर कापड विणणाऱ्यांचे एक सुईवाले डॉक्टर होते. तपासणीसाठी मानेतल्या गाठीत बारीक सुई घालताना म्हणायचे, "आवंढा गिळू नका हं," आणि सुई निघेपर्यंत स्वतःही गिळायचे नाहीत. मला ते नाटक वाटायचं. "सुईनं भागतंय तिथं मान कशाला कापायची?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पण माझ्या बायकोच्या गाठीचं सुईनं निदान होईना, तेव्हा सरळ म्हणाले, "भाऊ, इथं माझी सुई कमी पडली. गाठ काढूनच तपासायला हवी."

ऑपरेशनच्या दिवशी आपला दवाखाना बंद ठेवून ते माझ्याजवळ बाकावर येऊन बसले. मी चहा आणून दिला. सर्जन बाहेर येऊन "बाई बऱ्या आहेत" म्हणाले, तेव्हा कुठे त्यांनी पहिला घोट घेतला. चहावर साय धरली होती.