लाँड्रीतली पुढची खुर्ची

आता त्या जागी चष्म्याचं दुकान आहे. चकचकीत, काचेचं, आत कुणी मोठ्यानं बोलतसुद्धा नाही. पण गल्लीतल्या जुन्या माणसांना विचारा, अजून सांगतील, की इथं लाँड्री होती आणि दर बुधवारी संध्याकाळी इथं भल्याभल्या शास्त्रज्ञांची फे फे उडायची. उडवायची लाँड्रीची मालकीण. तिला सगळे थांबाताई म्हणत.

सुरुवात अगदी साधी. विद्यापीठात संशोधन करणाऱ्या एक बाई कपडे टाकायला यायच्या. आपल्या लोकांचं काम चार साध्या माणसांपर्यंत पोचावं, अशी त्यांना भारी हौस. पण त्यांच्या सभागृहात यायचे ते त्यांचेच सहकारी, तेही बिस्किटांसाठी. "मग आमच्याकडे घ्या की," ताई म्हणाली, "बुधवारी संध्याकाळी मशिनं बंदच असतात." नवऱ्यानं कपाळाला हात लावला, पण इस्त्रीचं लांबलचक टेबल त्यानंच भिंतीला सरकवून दिलं. शेजारच्या न्हाव्यानं खुर्च्या दिल्या. त्या पुरल्या नाहीत, तेव्हा माणसं चादरींच्या गाठोड्यांवर बसली. साबणाचा ओलसर वास, मागं हँगरला लटकलेले लोकांचे कोट आणि त्यांच्यापुढे घामाघूम झालेला एक तरुण संशोधक. पहिलं व्याख्यान असं झालं.

तो प्रथिनांवर बोलत होता. साखळी, बंध, घडी, असं काय काय भराभर सांगत होता आणि सगळे माना डोलवत होते. पोस्टमन डोलवत होता, न्हावी डोलवत होता, निवृत्त मुख्याध्यापक तर डोळे मिटून डोलवत होते. ताईला वाटलं, आपणच तेवढ्या मठ्ठ. तरी तिला राहवेना.

"थांबा," ती म्हणाली. "मी मागं राहिले. घडी घालतं कोण?"

तो चाचरला, मग हसून म्हणाला, "कुणीच नाही. लांब माळ असते, ती बहुतेक वेळा आपली आपणच दुमडते आणि नेमक्या आकाराची होते."

"आपली आपण?" ताईनं कोपऱ्यातल्या शर्टांच्या ढिगाकडे असं काही बघितलं की अख्खी लाँड्री हसली. मग न्हाव्याला धीर आला. "बरं झालं विचारलंत," तो म्हणाला, "माझी गाडी तर प्रथिनं म्हणजे काय, इथंच अडली होती." मुख्याध्यापकांनीही डोळे उघडले. त्यांनाही ते हवंच होतं.

संशोधक बाई हुशार. त्यांनी तिथल्या तिथं नियमच केला. थांबाताई पुढच्या खुर्चीत बसणार, आणि ती "थांबा" म्हणाली की वक्त्यानं मागं येऊन तिला सोबत घ्यायचं, मगच पुढं जायचं. कृष्णविवरांवर बोलायला एक बडे प्राध्यापक तोऱ्यात आले होते. ते अर्ध्या वाटेपर्यंतही पोचले नाहीत आणि रुमालानं मान पुसत गेले. पुढच्या वर्षी मात्र आपण होऊन परत आले, आणि या वेळी जड गोळ्यानं चादर कशी खचते ते दाखवायला सोबत एक रबरी चादर आणि लोखंडी गोळा घेऊन.

काय दिवस होते! न कळण्याची लाज नव्हती, उलट मान होता. बुधवारी जेवताना ताई नवऱ्याला सगळं ऐकवायची. "अहो, चंद्र दरवर्षी आपल्यापासून थोडा थोडा लांब चाललाय म्हणे." नवरा भाजी वाढून घेत म्हणायचा, "शहाणा आहे." ती चिडायची आणि पुन्हा पहिल्यापासून समजावायची.

वर्षं गेली. "थांबा" हळूहळू कमी झालं, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही, तिच्या तर नाहीच. उलट वक्ता शब्दाला अडला तर आता ताईच तो पुरवायची. मनातून ती हुरळूनही गेली होती. गाठोड्यांवरची माणसं कमी झाली, त्याचा दोष तिनं टीव्हीला दिला.

त्याच सुमारास तिची विहीण, म्हणजे मुलीची सासू, त्याच गल्लीत राहायला आली. या विहीणबाई बस आगारात चौकशीच्या खिडकीत बसून निवृत्त झालेल्या. जन्मभर जगानं त्यांना विचारलं, त्यांनी कुणाला काही विचारलं नव्हतं. दोघींचं वरवर गोडीगुलाबीचं, पण आत प्रत्येकीला आपण काकणभर सरस वाटायचं. एका बुधवारी विहीणबाई आल्या, शेवटपर्यंत ताठ बसल्या.

"कसं वाटलं?" ताईनं मोठ्या ऐटीत विचारलं.

"छान झालं हो. कळलं काहीच नाही."

"अहो, मग विचारायचं नाही का?"

"तुम्ही पुढं बसून हो-हो करत होतात ना. म्हटलं, आपणच मठ्ठ. ते न्हावीदादाही हेच म्हणत होते."

ताईच्या काळजात धस्स झालं. लाँड्रीवाल्या पुष्कळ असतात, थांबाताई ती एकटीच होती, आणि आता तिच्यामुळेच माणसं मूग गिळून बसत होती. पुढच्या बुधवारी तिनं मुद्दाम, काही अडलेलं नसताना, "थांबा" म्हणून पाहिलं. वक्ता भाबडेपणानं म्हणाला, "ताई, हे तर मागच्या महिन्यात तुम्हीच मला समजावलंत!" लोक हसले. ताई कानशिलांपर्यंत लाल झाली. त्या आठवड्यात तिनं एका कोटाची कॉलर करपवली.

शेवटी ती विहीणबाईंच्या दारात गेली. "बुधवारपासून त्या खुर्चीत तुम्ही बसा."

"मी? मला काही कळत नाही."

"म्हणूनच," ताई म्हणाली. हा मान समजावा की अपमान, हे ठरवायला विहीणबाईंनी बराच वेळ घेतला. मग त्या हो म्हणाल्या.

बुधवारी ताई मागं गाठोड्यावर टेकली. पुढं आपल्या खुर्चीत दुसऱ्याच कुणाची पाठ दिसत होती, ते बघवेना. विषय होता जनुकांचा, तिचा पाठच झालेला.

"ओ, एक मिनिट," विहीणबाई आगारातल्या आवाजात म्हणाल्या. "ते जनुक म्हणताय, ते असतं कुठं? दाणा असतो का काही?"

"दाणा नाही," वक्त्री म्हणाली. "एका लांब धाग्याचा तुकडा. आणि तो सगळा धागा अंगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतो. डोळ्यात जो, तोच टाचेत."

ताई चपापली. इतकी वर्षं तिच्या मनात मणीच होते. डोळ्याचे डोळ्यात, टाचेचे टाचेत. तिला कळलेलं नव्हतंच, नुसती शब्दाची ओळख झाली होती. आणि गंमत म्हणजे तिला वाईट वाटलं नाही. पहिल्या वर्षी यायचा तसा पुढचा प्रश्न जिभेवर आला, आणि आपण हे किती दिवस हरवून बसलो होतो, या विचारानं तिचे डोळे भरून आले.

माणसं पांगली. खुर्च्या उचलणाऱ्या विहीणबाईंचा तिनं हात धरला.

"विहीणबाई, उद्या दुपारी चहाला या. धागा तोच, तर मग टाचेवर डोळा का येत नाही? मला काही कळलेलं नाही."