गझालाच्या नावाची दावत

हुसैनचाचा दापोलीकडचे. ओमानात रुस्ताकजवळच्या एका फार्मवर घोड्यांची देखभाल करायचे. माणसांशी दोन शब्दांत आटपायचे, घोडीशी मात्र तासभर गप्पा. मी खेडचा, माबेल्यात राहून रस्त्याच्या कामावर सुपरवायझर. शुक्रवारी जेवायला त्यांच्याकडे. "अश्विन आला की एक पातेलं जास्त," असं ते तोंडावर म्हणायचे आणि पातेलं चढवायचे.

घोडीचं नाव गझाला. शिंगरू होती तेव्हापासून चाचांनीच वाढवलेली. शर्यतीत तिने अर्बाबचं, म्हणजे फार्मच्या मालकाचं, नाव काढलं, तेव्हा अर्बाबने चारचौघांत शब्द दिला होता, ही म्हातारी होऊन इथेच मरेल. पुढे सत्त्याण्णवमध्ये अर्बाब इलाजासाठी परदेशी गेला आणि फार्म झुबेरच्या हाती आला. झुबेर म्हणजे चाचांच्या बायकोचा, जमिलाचाचीचा, सख्खा भाऊ. त्याला इथे आणलं चाचांनीच. उपकार माणूस फेडतोच. झुबेरने जरा घाईच केली.

गझाला लंगडायला लागली होती. झुबेरने चाचांना मस्कतला खाद्य आणायला पाठवलं. ते परत आले तर तबेल्यात नुसता लगाम लटकत होता. घोडी दलालाला देऊन झाली होती, दलालाने ती कुठल्याशा वाडीत कापून मांस विकलंही होतं. ना डॉक्टरची तपासणी, ना कुणाची परवानगी. अर्बाबला फोनवर कळवलं, पोटशूळ उठून मेली.

चाचा काही बोलायच्या आत झुबेरने मजहब पुढे केला. "दुल्हेभाई, आपण शाफई पंथाचे. आपल्यात घोडा हलाल हाय. मी काय गुन्हा केला?"

चाचा मशिदीत इमामांना विचारायला गेले. हराम म्हणतील अशी आशा होती. इमाम म्हणाले, बऱ्याच आलिमांच्या मते खायला चालतो. पण चालतो म्हणजे कापाच असा हुकूम नव्हे, आणि दुसऱ्याचं जनावर त्याचा शब्द मोडून विकणं हा वेगळा गुन्हा. त्या गुन्ह्याची तक्रार करायची तर झुबेरची रवानगी विमानात, आणि तिकडे जमिलाचाचीचं माहेर कायमचं तुटणार. चाचा गप्प बसले. मला वाटलं, माफ केलं. खेडच्या शाळेत असंच शिकवतात.

बकरी ईदला त्यांनी मला गाडी काढायला लावली. बाजारातून उंटाच्या पिल्लाचं मांस घेतलं, जमिलाचाचीने पाठवलेला मसाला काढला, सांदणं केली. जेवायला आम्ही तिघंच. झुबेरने तीनदा वाढून घेतलं, बोटं चाटली आणि विचारलं, कसलं मटण हो, एवढं गोडसर?

"गझाला," चाचा म्हणाले. "दलालाच्या फ्रीजरात एक मांडी उरली होती. हलाल हाय ना? घे आणखी."

मी हातातला घास परत ताटात ठेवला. पिशवी मीच गाडीत ठेवली होती, तरीही.

झुबेर उठला तो थेट खजुराच्या झाडाखाली. ही ईद तर गेलीच, मला वाटतं मागचीही बाहेर आली. चाचा लोटा घेऊन मागे गेले, घोड्याची थोपटावी तशी त्याची पाठ थोपटली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "पाणी पी. तिला कापताना कुणी पाणीही विचारलं नसेल."

त्यानंतर झुबेर मांसाला शिवला नाही. अख्ख्या फार्मवर बिर्याणी शिजायची आणि हा डाळभात कालवायचा. चाचा दर ईदला आठवणीने त्याच्याकडे झाकलेली थाळी पाठवायचे. झाकण न उघडता थाळी परत यायची, आणि त्या दिवशी चाचा पोटभर जेवायचे. मी दरवर्षी विनवायचो, चाचा, आता सांगून टाका. ते म्हणायचे, "सांगतो की. गझालाला विचारून."

दोन हजार पाचला चाचा कायमचे गावी निघाले. विमानतळावर झुबेर खजुराचा डबा घेऊन हजर. वाळला होता. गळ्यात पडला, चुकलो म्हणाला, आणि कानाशी लागून विचारलं, "दुल्हेभाई, खरं सांगा. त्या दिवशी ती गझालाच होती?"

चाचांनी डबा घेतला, काखेत नीट बसवला.

"हलाल हाय, तूच बोललास ना? मग कुणाचं होतं त्यानं काय फरक पडतो?"

आणि चालू लागले. ट्रॉली माझ्याकडे होती. मी मान खाली घालून ढकलत राहिलो.